मागे फिरलेली बोट

घरातून निघालं की मागे फिरायचं नाही, असा आमच्या घरचा नियम. काही विसरलं आणि परत यावंच लागलं, तर दोन मिनिटं खुर्चीवर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्याने निघायचं. त्या रविवारी बाबा चष्मा विसरले. मी गाडी सुरू करून बसले होते. ते आत गेले, आईने त्यांना बसवलं, पाण्याचं भांडं हातात दिलं. मेलबर्नच्या टार्नीट उपनगरात, एकसारख्या घरांच्या रांगेत, रत्नागिरीचा तो नियम बिनबोभाट पाळला गेला.

बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. पेंग्विन पाहून झाले, ग्रेट ओशन रोड पाहून झाला. पण बाबांनी मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात चौतीस वर्षं फिटरचं काम केलेलं. देखावा कितीही सुंदर असला तरी पाच मिनिटांनी त्यांना हाताला काही लागत नाही म्हणून चुकल्यासारखं होतं. म्हणून विल्यम्सटाउन. तिथल्या जेम पिअरला ‘कॅसलमेन’ नावाची दुसऱ्या महायुद्धातली माइनस्वीपर बांधून ठेवली आहे. १९४१ साली त्याच गावातल्या नौदलाच्या गोदीत ती पाण्यात उतरली, आणि १९७३ साली नौदलाने ती संग्रहालयासाठी देऊन टाकली.

“केवढीशी आहे गं,” धक्क्यावरून बघत बाबा म्हणाले.

आहेच केवढीशी. लांबी जेमतेम सत्तावन्न मीटर, रुंदी साडेनऊ मीटरही नाही. आमच्या जुन्या चाळीचा एक मजला पाण्यावर ठेवावा, इतकीच. बाथर्स्ट वर्गाच्या अशा साठ बोटी युद्धकाळात ऑस्ट्रेलियातल्या गोद्यांनी बांधल्या. मोठी जहाजं बांधायला वेळ नव्हता. लहान गोदीला जमेल, कमी माणसांत चालेल आणि सगळ्या कामांना उपयोगी पडेल अशी बोट हवी होती. नाव माइनस्वीपर. म्हणजे समुद्रात दोराने तळाशी बांधून ठेवलेल्या सुरुंगांच्या खालून पोलादी तार ओढत न्यायची, तारेवरच्या कात्र्यांनी सुरुंगाचा दोर कापायचा, सुरुंग वर तरंगला की लांबून गोळी घालून फोडायचा. पण प्रत्यक्षात या बोटींनी ताफ्यांची राखण केली, पाणबुड्या शोधल्या, सैनिक वाहिले, जखमी वाहिले, टपालसुद्धा वाहिलं. घरात जो मुलगा कशालाच नाही म्हणत नाही, त्याच्यावर जशी सगळी कामं येऊन पडतात, तसं.

यांतल्या बहुतेक बोटींना ऑस्ट्रेलियातल्या गावांची नावं दिली होती. कॅसलमेन हे व्हिक्टोरियातलं सोन्याच्या खाणींचं गाव, तिथून समुद्र दूर. आर्मिडेल हे न्यू साउथ वेल्सच्या डोंगरमाथ्यावरचं, तेही समुद्रापासून दूर. समुद्राशी काही घेणंदेणं नसलेल्या गावांची नावं घेऊन यांतल्या कित्येक बोटी समुद्रात उतरल्या, ही गोष्ट मला उगाचच हळवी करते.

साठांतल्या चार आपल्या होत्या. म्हणजे तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीच्या: ‘पंजाब’, ‘मद्रास’, ‘बेंगाल’ आणि ‘बॉम्बे’. मी हे आदल्या रात्री वाचलं होतं आणि बाबांना सांगायला राखून ठेवलं होतं. ‘बॉम्बे’ म्हटल्यावर ते जिन्याच्या पायरीवर थांबले. सिडनीच्या बाल्मेन भागातल्या मॉर्ट्स डॉक या गोदीने ‘बॉम्बे’ ६ डिसेंबर १९४१ रोजी पाण्यात सोडली. त्याच गोदीतून सात आठवड्यांनी, २४ जानेवारी १९४२ रोजी, ‘आर्मिडेल’ उतरली. एकाच गोदीचे कामगार, एकच नकाशा, एकाच घडणीची इंजिनं.

“म्हणजे सख्ख्याच,” बाबा म्हणाले.

आम्ही आधी इंजिनरूममध्ये गेलो, दुसरं काही पाहण्याचा प्रश्नच नव्हता. शिडी सरळ उभी, उलटं तोंड करून उतरायची. खाली दोन वाफेची इंजिनं, ट्रिपल एक्स्पान्शन: तीच वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये, मग मधल्या, मग मोठ्या, शेवटचा दम निघेपर्यंत वापरायची. बाबा त्या दांड्यांवरून हात फिरवत होते. “हे बघ, इथे तेल द्यायचं, इंजिन चालू असताना, हात असा आत घालून. ठोका चुकला तर हात गेला.” तिथे राखणीला असलेले एक वृद्ध स्वयंसेवक हे बघत होते. त्यांची भाषा बाबांना फारशी कळली नाही आणि बाबांची त्यांना, पण अर्धा तास दोघं एका व्हॉल्व्हबद्दल बोलले. कोण कुठला, काय काम केलं, सगळं हातांनीच समजलं असावं.

वर आल्यावर त्या गृहस्थांनी आम्हाला एका फोटोपाशी नेलं. ‘आर्मिडेल’चा. आणि ती गोष्ट सांगितली, जी मी वाचली होती. पण ती त्या डेकवर उभं राहून ऐकणं निराळं होतं. कारण त्या गोष्टीत दोन बोटी आहेत आणि त्यांतल्या एकीवर आम्ही उभे होतो.

१९४२ चा नोव्हेंबर. तिमोर बेटाचा पूर्व भाग पोर्तुगालचा. एकेकाळी त्याचा कारभार गोव्याहून चालायचा. पोर्तुगाल तटस्थ होता, पण त्याचा बेटाला उपयोग झाला नाही. फेब्रुवारीपासून जपानी सैन्य तिथे होतं आणि डोंगरात थोडे ऑस्ट्रेलियन नि डच सैनिक स्थानिक लोकांच्या आधाराने गनिमी काव्याने लढत होते. ते थकले होते, आजारी होते, आणि त्यांच्या आसऱ्याला आलेली पोर्तुगीज कुटुंबं, बायामुलं, अडकून पडली होती. त्यांना दक्षिण किनाऱ्यावरच्या बेटानो खाडीतून रात्री उचलायचं आणि डचांच्या बाजूचे ताजे सैनिक उतरवायचे, असं ठरलं. सप्टेंबरात ‘व्हॉयेजर’ ही विनाशिका त्याच खाडीत वाळूत रुतून गमावली होती. आता पाठवायला होत्या तीन बोटी: ‘कुरू’ नावाचं एक छोटं लाकडी जहाज, ‘कॅसलमेन’ आणि ‘आर्मिडेल’.

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनपासून बेटानो साधारण साडेसहाशे किलोमीटर. या माइनस्वीपरचा जास्तीत जास्त वेग १५ नॉट, म्हणजे तासाला अठ्ठावीस किलोमीटर. गणित कुणीही करावं. चोवीस तास तर नुसते जायलाच लागणार, अंधाराचे बारा, आणि उरलेले उजेडात, जपानी विमानांच्या टप्प्यात. मला वाटतं, या बोटीचं पुढे जे झालं त्याचं मूळ या साध्या भागाकारात आहे. पुढे डिसेंबरातच ‘च्येर्क हिड्डेस’ या डच विनाशिकेने तीन फेऱ्यांत शेकडो माणसं तिथून सुखरूप आणली. तिचा वेग दुपटीहून जास्त होता.

२९ नोव्हेंबरला ‘कॅसलमेन’ आणि ‘आर्मिडेल’ डार्विनहून निघाल्या. ‘आर्मिडेल’वर तिचे ८३ नाविक, शिवाय दोन डच अधिकारी, डच वसाहतीच्या सैन्यातले ६१ इंडोनेशियन सैनिक आणि तीन ऑस्ट्रेलियन सैनिक. दुसऱ्या दिवशी विमानांनी त्यांना हेरलं आणि दोनदा बाँब टाकले. लागला एकही नाही, पण वेळ गेला. बेटानोला पोचेपर्यंत पहाटेचे साडेतीन झाले. ‘कुरू’ सत्त्याहत्तर माणसं घेऊन आधीच निघून गेली होती. किनाऱ्यावर कुणी दिसेना.

सकाळी समुद्रात तिघींची गाठ पडली. ‘कुरू’वरची माणसं ‘कॅसलमेन’वर चढवली. ज्या डेकवर आम्ही उभे होतो, तिथेच ती बसली असणार, पोरं मांडीवर घेतलेल्या बाया, उघड्यावर. आता कुणी परत जायचं? सैनिक ‘आर्मिडेल’वर होते, ते उतरवायचे राहिले होते. म्हणून ‘कॅसलमेन’ने डार्विनकडे तोंड केलं आणि ‘आर्मिडेल’ मागे फिरली.

मी त्या वाक्याशी अडखळते. कुणाचा दोष शोधायला जावं तर सापडत नाही. ‘कॅसलमेन’वर बायामुलं होती. ‘आर्मिडेल’वर उतरवायचे सैनिक होते. तिथल्या तिथे जो निर्णय घ्यायचा तो हाच. पण एकीला आज विल्यम्सटाउनच्या धक्क्यावर नव्या रंगाचा हात मिळतो, शाळेची मुलं तिच्या तोफेवर चढून फोटो काढतात, आणि दुसरी तिमोर समुद्राच्या तळाशी आहे. फरक एका सकाळच्या वाटणीचा.

१ डिसेंबर १९४२. दुपारी एकच्या सुमारास पहिला हल्ला झाला. कप्तान रिचर्ड्स यांनी डार्विनकडे विमानांचं संरक्षण मागितलं होतं. डार्विनचा सूर असा, की हवाई हल्ल्याचा धोका धरूनच चालायचं आणि काम पुरं करायचं. तीनच्या सुमारास पुन्हा विमानं आली, या वेळी पाण्यालगत, टॉर्पेडो घेऊन. बोट वळत होती, वळणं घेत होती, तोफा चालूच होत्या. तीन वाजून दहा मिनिटांनी डाव्या बाजूला टॉर्पेडो लागला. खालच्या मेसडेकमध्ये, म्हणजे खलाशांच्या जेवणा-राहण्याच्या जागेत, दाटीवाटीने बसलेले सैनिक होते. मग दुसरा, इंजिनरूमच्या अंगाला. बोट कलली. बोट सोडण्याचा हुकूम झाला. तीन-चार मिनिटांत सगळं संपलं.

त्या तीन-चार मिनिटांत टेडी शीन होता. टास्मानियातल्या एका मजुराचं चौदावं मूल. वय अठरा, एकोणीस पुरे व्हायला चार आठवडे कमी. शेतांवर राबलेला पोरगा, थोरले भाऊ सैन्यात गेले म्हणून हाही नौदलात गेलेला. सहा महिन्यांपूर्वी तो सिडनीत ‘कुटाबुल’ नावाच्या फेरीबोटीवर मुक्कामाला होता. ती नौदलाने खलाशांना राहायला घेतली होती. ३१ मे १९४२ च्या रात्री जपानच्या छोट्या पाणबुड्या सिडनी बंदरात शिरल्या आणि ‘कुटाबुल’ बुडाली, एकवीस जण गेले. शीन रजेवर घरी होता, वाचला. आपली ‘बॉम्बे’ त्या रात्री त्याच बंदरात उभी होती. अशा गोष्टी कागदावर शेजारीशेजारी आल्या की माझ्या अंगावर काटा येतो, जरी त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसला तरी.

शीन मदतीचा तराफा सोडवत होता. पाण्यात उतरलेल्या माणसांवर विमानं गोळ्या झाडत होती. त्यालाही दोन गोळ्या लागल्या, छातीत आणि पाठीत. पाण्यात उडी मारायची सोडून तो कलत्या डेकवरून मागे फिरला, मागच्या बाजूच्या ओर्लिकन तोफेपाशी गेला, स्वतःला तिला बांधून घेतलं आणि गोळ्या झाडायला लागला. एक विमान पाडलं. बोटीचा मागचा भाग पाण्याखाली गेला तरी तोफ थांबली नव्हती, पाण्यातून गोळ्या वर येत होत्या, असं वाचलेल्यांनी सांगितलं.

बाबांनी एवढंच विचारलं, “बांधून का घेतलं?”

मी म्हटलं, डेक कलला होता, पाय टिकत नसतील. त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही.

शीनला त्या वेळी सैनिकी अहवालातल्या उल्लेखापलीकडे काही मिळालं नाही. १९९९ साली एका पाणबुडीला त्याचं नाव दिलं गेलं. ती पाण्यात सोडायला त्याची बहीण होती. आणि व्हिक्टोरिया क्रॉस, हा शौर्याचा सर्वोच्च सन्मान, मिळाला तो १ डिसेंबर २०२० रोजी, बरोबर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, तोही एका चौकशीने नाही म्हटल्यावर, दुसरीने हो म्हटल्यावर, सरकारने आधी नाकारून मग मानल्यावर. ऑस्ट्रेलियन नौदलातल्या माणसाला मिळालेला तो पहिलाच. मला त्याचा आनंद आहे, मनापासून आहे. एवढी वर्षं ज्यांनी पाठपुरावा केला त्या नातलगांना आणि गावकऱ्यांना मी हात जोडते.

पण मेसडेकमधल्या त्या माणसांना मी मनातून काढू शकत नाही. त्या बोटीवर १४९ माणसं होती, शंभर गेली. त्यांतले चाळीस नौदलाचे. साठ डच वसाहतीच्या सैन्यातले. मी जी जी वर्णनं वाचली त्यांत नाविकांची नावं आहेत, वयं आहेत, कुठल्या गावचे ते आहे. हे साठ बहुतेक ठिकाणी एका शब्दात येतात: नेटिव्ह सैनिक. तो शब्द आपल्याला चांगला ओळखीचा आहे. तो वाचला की आपण कोणत्या बाजूला उभे आहोत ते लगेच कळतं. कुणा दुसऱ्याच्या राजाच्या सैन्यात, तिसऱ्याच्या वसाहतीचं बेट राखायला, चौथ्याच्या बोटीतून चाललेली माणसं. त्यांना पोहता येत होतं का? त्यांच्या आयांना कुणी कळवलं? त्या वेळी त्यांची घरं जपान्यांच्याच ताब्यात होती.

आणि आमच्या कोकणातलेही असेच गेलेले. त्या काळच्या रॉयल इंडियन नेव्हीत रत्नागिरी जिल्ह्यातले खलाशी पुष्कळ होते, त्यांत कोकणी मुसलमान घरांतले विशेष. ‘आर्मिडेल’ बुडायच्या तीनच आठवडे आधी, ११ नोव्हेंबरला, तिची बहीण ‘बेंगाल’ हिंदी महासागरात, कोकोस बेटांच्या नैऋत्येला, दोन जपानी शस्त्रसज्ज व्यापारी जहाजांसमोर सापडली. तिच्याबरोबर ‘ओंडिना’ नावाचं डच तेलवाहू जहाज होतं. समोरची दोन्ही दहा हजार टनांच्या वरची. ‘बेंगाल’ने ‘ओंडिना’ला निसटायला सांगितलं आणि स्वतः सरळ त्यांच्या अंगावर गेली. त्या दिवशी जपान्यांचं ‘होकोकू मारू’ बुडालं, ‘ओंडिना’चा कप्तान मारला गेला, पण ‘बेंगाल’ आणि ‘ओंडिना’ दोन्ही तरल्या. मी शाळेत हे कधी वाचलं नाही. बाबा चौतीस वर्षं डॉकयार्डात होते, त्यांनीही ऐकलं नव्हतं. आपला इतिहास १९४७ च्या अलीकडच्या नौदलाला आपलं म्हणतो आणि पलीकडच्याला राजाचं, हे मला समजतं. पण बोटीत तेल घालणारे हात तेच होते ना?

‘आर्मिडेल’ची गोष्ट बुडण्यापाशी संपत नाही, आणि मला सगळ्यात जड जातो तो त्यापुढचा भाग. पाण्यात शंभराच्या आसपास माणसं होती. एक मोटरबोट, एक फुटकी व्हेलबोट, एक तराफा, आणि मोडक्यातोडक्या लाकडांचा, पिंपांचा बांधलेला दुसरा. दुसऱ्या दिवशी कप्तान मोटरबोटीतून वीसएक जणांना घेऊन डार्विनच्या दिशेने निघाले, मदत आणायला. ६ डिसेंबरला ते ‘कॅलगुर्ली’ या तिसऱ्या बहिणीला सापडले. व्हेलबोट कशीबशी दुरुस्त करून आणखी एकोणतीस जण निघाले. त्यांनाही काही दिवसांनी ‘कॅलगुर्ली’नेच उचललं. उरले ते तराफ्यावर थांबले. तराफ्यावरून निघता येणार नव्हतं.

शोधाला निघालेल्या विमानाला ते दिसले. फोटोही काढला, आज तो कुणालाही पाहता येतो: पाण्यात अर्धी बुडालेली माणसं, तोंडं वर केलेली. एक कॅटलिना विमान, जे पाण्यावर उतरू शकतं, त्यांच्या डोक्यावरून फिरलं, पण समुद्र खवळलेला होता, उतरता आलं नाही. मग बोट तिथे पोचेपर्यंत तराफा दिसेना. दिवस दिवस शोधलं. १३ डिसेंबरला शोध थांबवला.

त्या फोटोत ते बघताहेत ते विमानाकडे. म्हणजे त्या क्षणी त्यांना वाटलं असणार, झालं, सुटलो. मी तो फोटो एकदा पाहिला, पुन्हा उघडला नाही.

हे सगळं ऐकून झाल्यावर बाबा म्हणाले, मी पुन्हा खाली जाऊन येतो. गुडघे दुखतात त्यांचे, मी नको म्हटलं. ते गेलेच. मी वर, इंजिनरूमच्या तोंडाशी उभी राहिले. खाली ते इंजिनाच्या अगदी पलीकडच्या टोकाला जाऊन उभे राहिले, मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, आणि निघाले. जाळीच्या फळ्यांवरून, दोन इंजिनांच्या मधून, शिडीपर्यंत, मग एकेक पायरी, कठडा घट्ट धरून. वर येऊन धापा टाकत त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

“दोन मिनिटं दहा सेकंद,” म्हणाले. “दिवे चालू असताना. बोट सरळ असताना.”

मग थोड्या वेळाने, “नाही गं. कलली असेल तर शिडीच भिंतीसारखी होते. नाही जमत.”

आम्ही धक्क्यावर उतरलो. वारा सुटला होता, पलीकडे खाडीत पांढऱ्या शिडांच्या होड्या चालल्या होत्या. गाडीपाशी पोचलो तर बाबांची टोपी नव्हती. इंजिनरूममध्ये राहिली असणार. मी म्हटलं, मी आणते. तर म्हणाले, नको, मीच जातो. पुन्हा त्या फळीवरून बोटीवर गेले. बराच वेळ झाला. मी पाहिलं तर टोपी डोक्यावर होती, आणि ते पार मागच्या टोकाला कठड्याला धरून उभे होते, पाण्याकडे बघत. त्यांच्याबरोबर ते स्वयंसेवक गृहस्थही होते. दोघं बोलत नव्हते.

परत आले ते गाडीत बसले, दार उघडंच ठेवलं, पाय बाहेर. “पाणी आहे का?” म्हणाले.

मी बाटली दिली. ते सावकाश प्यायले. मग दोन मिनिटं आम्ही तिथेच बसलो, आणि मग निघालो.